नवीन क्रेटा येतेय म्हणतात, थांबू का दसऱ्याला घेऊन टाकू?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं (नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून गाळलंय):

"दादा, मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. मिसेस बँकेत. घरात आई, मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीत. सध्या वॅगन-आर आहे, मार्च 2012 ची पासिंग. आईच्या गुडघ्यांसाठी आणि इतर कामांना पुण्याला जाणं-येणं चालूच असतं. ह्युंदाईची क्रेटा पेट्रोल घ्यायची, बजेट ऑन रोड (टॅक्स-इन्शुरन्स धरून) 16 लाख, त्यातले अर्धे लोन. 2023 लाच घेणार होतो पण शोरूममधला मित्र म्हणाला फेसलिफ्ट (त्याच गाडीचं नवं रूप) येतंय, थांब. थांबलो. ते आल्यावर म्हटलं वेटिंग कमी होऊ दे. तोवर इलेक्ट्रिक क्रेटाची चर्चा सुरू झाली, ती आली पण आमच्याकडे चार्जिंगचं जमण्यासारखं नाही. मग जीएसटी कमी होणार म्हणून थांबलो. आता 2027 ला पूर्ण नवीन क्रेटा येतेय, हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी-मोटर) पण असेल असं यूट्यूबवर सगळे सांगतायत. मिसेस म्हणते हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायची सवयच आहे तुम्हाला, येत्या दसऱ्याला गाडी दारात पाहिजे. पण 16 लाख घालून आता घेतली आणि सहा महिन्यांत नवीन आली तर आपण मूर्ख ठरू असं वाटतं. स्टाफरूममध्ये पण सगळे थांब म्हणतात. काय करू?"

सर (शिक्षक आहात म्हणून सरच म्हणतो), पत्रातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीय आणि तिच्यावरून पुढं निघून गेलात. 2023 पासून तुम्ही एकाच गाडीसाठी चार वेगवेगळ्या कारणांनी थांबलाय. फेसलिफ्ट, मग इलेक्ट्रिक, मग जीएसटी, आता नवीन जनरेशन. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं, कुणी तुम्हाला फसवलं नाही, फेसलिफ्ट जानेवारी 2024 ला आलं, इलेक्ट्रिक जानेवारी 2025 ला आली, जीएसटी पण कमी झाला. पण ज्याच्यासाठी थांबलो ते हातात आल्यावर माणूस गाडी घेतो ना? तुम्ही दरवेळी ते आल्यावर पुढचं कारण शोधलंत. त्यामुळं 2027 ला नवीन क्रेटा खरंच आली तर तुम्ही ती घ्याल का, मला शंका आहे. तेव्हा कुणीतरी सांगेल की हायब्रिड नंतर येणारे, किंवा पहिल्या लॉटची घेऊ नका, आणि तुम्ही मान डोलवाल.

या चार थांबण्यांमधलं एक मात्र शंभर टक्के बरोबर होतं, जीएसटीचं. 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान बोलले, 3 सप्टेंबरला कौन्सिलने दर ठरवले, 22 सप्टेंबरपासून लागू. क्रेटासारख्या गाडीवर 28 टक्के जीएसटी आणि वर 17 टक्के सेस (उपकर) असा 45 टक्के कर होता तो सरळ 40 झाला, आणि कंपनीने क्रेटाची किंमत व्हेरियंटप्रमाणे 72 हजारांपर्यंत खाली आणली. त्यावर्षी 27 ऑगस्टला गणपती बसले, एरवी गणपतीत गाड्यांच्या डिलिव्हऱ्या धडाधड होतात पण त्यावेळी लोकांनी बुकिंग करून डिलिव्हरी पुढं ढकलली, आणि शहाणपण केलं. कारण 3 सप्टेंबरनंतर तारीखही माहीत होती आणि साधारण किती पैसे वाचणार हेही. तीन आठवडे थांबा, पन्नास-साठ हजार वाचवा, असं थांबणं कुणालाही परवडतं.

आता हीच फूटपट्टी 2027 च्या क्रेटाला लावून बघा. गाडी येणार नाही असं मी म्हणतच नाही. क्रेटा 2015 ला आली, 2018 ला थोडी टापटीप केली, 2020 ला दुसरी जनरेशन, 2024 ला मोठं फेसलिफ्ट, त्या हिशोबानं पुढची साधारण त्याच सुमारास यावी हे कुणीही सांगेल. पण 2027 म्हणजे जानेवारी की डिसेंबर? त्यात बारा महिन्यांचं अंतर आहे. कंपनी जोवर अनावरणाची तारीख देत नाही तोवर यूट्यूबवरची तारीख ही त्या यूट्यूबवाल्याची तारीख. ते व्हिडिओ मीपण बघतो, रूप लपवायला झेब्रासारखे पट्टे चिकटवलेली चाचणीची गाडी हायवेवर कुणीतरी मागून शूट केलेली असते, बारा सेकंदांची क्लिप फिरवून फिरवून दहा मिनिटं दाखवतात आणि शेवटी सबस्क्राईब करा.

रेनोच्या डस्टरचं उदाहरण घ्या. आपल्याकडं 2012 ला आली, काय धुमाकूळ घातला होता त्या गाडीनं, 2022 च्या सुरुवातीला बंद झाली. नवीन डस्टर परदेशात नोव्हेंबर 2023 ला दाखवली तेव्हापासून इकडं "आता येतेय, आता येतेय" चालू, आणि भारतात प्रत्यक्ष दाखवली 26 जानेवारी 2026 ला. जे डस्टरसाठीच थांबले त्यांचं वाईट झालं असं नाही, पण ज्यांच्या घरी दुसरी गाडी नव्हती त्यांनी ती वर्षं कशी काढली असतील ते त्यांनाच माहीत.

हायब्रिडबद्दल तर मला जास्तच शंका वाटते, कारण याचा ताजा दाखला आहे. सेल्टोस ही क्रेटाची बहीणच, ह्युंदाई आणि किया एकाच ग्रुपच्या, इंजिनं तीच. नवीन जनरेशनची सेल्टोस 2 जानेवारी 2026 ला लाँच झाली. लोक हायब्रिड हायब्रिड करत होते, आली ती त्याच 1.5 पेट्रोल, 1.5 टर्बो पेट्रोल आणि 1.5 डिझेलमध्ये. नवीन क्रेटाचंही असंच होईल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण हायब्रिड पहिल्या दिवशी असेल आणि ती तुमच्या 16 लाखांत बसेल, या दोन्ही गोष्टी तुम्ही गृहीत धरल्यात. दुसरी तर मला अवघडच दिसते. जास्तीची बॅटरी-मोटर कंपनी फुकट देत नाही, आणि किंमत वाढली की त्यावर आपला महाराष्ट्राचा रोड टॅक्सही वाढतो, दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के. शोरूमची किंमत लाखभर वाढली की ऑन रोड लाखाच्या बरीच वर जाते.

आणि लाँच म्हणजे डिलिव्हरी नव्हे. महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 चं बुकिंग 7 ऑक्टोबर 2021 ला उघडलं, पहिल्या 25 हजार गाड्या 57 मिनिटांत बुक झाल्या. त्यांच्याच स्कॉर्पिओ-एनच्या वेळी, जुलै 2022 ला, अर्ध्या तासात लाखभर बुकिंग. पहिल्या 25 हजार लोकांना इंट्रोडक्टरी किंमत, बाकीच्यांना वाढीव, आणि काही व्हेरियंटला वर्षाच्या वर वेटिंग. क्रेटाचं इतकं होईलच असं नाही, पण गाजलेल्या नावाची नवीन गाडी आली की पहिले काही महिने डिस्काउंट हा शब्द शोरूममध्ये कुणी उच्चारत नाही, वर अॅक्सेसरीज गळ्यात मारतात ते वेगळं. सॉफ्टवेअरच्या बारीकसारीक तक्रारी पण पहिल्या वर्षातच निघतात. म्हणजे तुमचं "सहा महिन्यांत नवीन" हे प्रत्यक्षात तुमच्या दारात यायला किती वेळ लागेल ते जरा मोजा.

आता ते "मूर्ख ठरू" बद्दल. यामागं एक गृहीतक आहे की नवीन मॉडेल आलं की जुन्याची किंमत कवडीमोल. थोडी पडते, खोटं नाही. तीन वर्षांनी विकायला काढलीत तर समोरचा म्हणणार जुना शेप आहे आणि त्याचे पैसे कापणार. पण तुम्ही तीन वर्षांनी विकणारे आहात का? वॅगन-आर किती वर्षं वापरताय! असा माणूस क्रेटा पण दहा-बारा वर्षं चालवणार, आणि दहा वर्षांच्या गाडीला बाजारात शेप कुणी विचारत नाही, इंजिन कसं आहे, ॲक्सिडेंट आहे का, सर्व्हिसचे रेकॉर्ड आहेत का, एवढंच विचारतात. उलट एक फायदा आहे जो तुमच्या स्टाफरूमनं तुम्हाला सांगितला नसेल. मॉडेल उतरणीला लागलं की डीलरकडं भाव करायला जागा असते, आणि एवढी वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीच्या सगळ्या खोडी मेकॅनिकला पाठ झालेल्या असतात. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला हे फार महत्त्वाचं.

स्टाफरूमवाल्यांचं मनाला लावून घेऊ नका. थांब म्हणायला पैसे पडत नाहीत, आणि उद्या तुम्ही नवीन मॉडेल घेतलंत तर हेच म्हणतील एवढे पैसे कशाला घातले.

पैसे तुमचे मात्र पडतायत, थांबण्याचे. वॅगन-आर मार्च 2012 ची म्हणजे मार्च 2027 ला आरसीची 15 वर्षं संपतात. हे पत्रात नाही म्हणून विचारतो, लक्षात आहे ना? त्यानंतर ती चालवायची तर आरटीओत नेऊन तपासणी, री-रजिस्ट्रेशन (कारची फीच पाच हजार आहे), ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर), आणि तपासणीत पास व्हायला टायर-ब्रेक-सस्पेन्शनचं जे काम निघेल ते. एक्सचेंजला द्यायची तर 15 वर्षांच्या आत दिलेली बरी, नंतर भाव आणखी घसरतो. स्क्रॅपला दिली तर सर्टिफिकेट मिळतं आणि नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सवलत, किती ते आरटीओत विचारून घ्या आणि मग एक्सचेंजच्या ऑफरशी ताडून बघा. म्हणजे खरी तारीख तुमच्याकडं आहेच, फक्त ती नवीन गाडीची नाही, जुन्या गाडीची आहे.

आणि पैशाच्या पलीकडचं. 2012 च्या वॅगन-आरच्या बहुतेक व्हेरियंटला एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पण नाही. आपल्याकडं एबीएस सक्तीचं झालं 2019 ला, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग 2021-22 मध्ये. आताच्या क्रेटाला सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये मिळतात. पुणे-सातारा हायवेवर ट्रकच्या मधनं, पावसात, आई आणि पोरांना घेऊन तुम्ही जाताय. नवीन मॉडेल आताच्या क्रेटापेक्षा थोडं सरस असेल, मान्य. पण आताची क्रेटा तुमच्या वॅगन-आरपेक्षा कितीतरी सरस आहे आणि तुलना या दोघींची करायला पाहिजे होती.

एक गोष्ट जरा आडवळणानं विचारतो, राग मानू नका. मुलगी यंदा दहावीला. म्हणजे पुढच्या वर्षीपासून अकरावी-बारावी, क्लास, कदाचित पुण्यात ठेवायचं, हॉस्टेल. आठ लाखांचं लोन डोक्यावर घ्यायची मनातून भीती वाटतेय का? कारण मला अशी बरीच पत्रं येतात, "अमुक मॉडेल येतंय म्हणून थांबलोय," आणि दोन-चार ओळी खाली खर्चाचं काहीतरी असतं. नवीन मॉडेलसाठी थांबलो म्हणणं चारचौघात बरं दिसतं, झेपत नाही म्हणणं जड जातं. तसं असेल तर काहीही वाईट नाही, पण मग वहिनींशी ते सरळ बोला. त्या बँकेत आहेत, ईएमआयचा हिशोब तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना चांगला कळतो. आणि मग प्रश्न थांबायचं का हा राहत नाही, लहान घ्यायची का हा होतो. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 पर्यंत, तिला आता 18 टक्केच जीएसटी आहे, क्रेटाला 40. नवीन व्हेन्यू नोव्हेंबर 2025 ला आली, आपल्या तळेगावच्या प्लांटमध्ये बनते, नेक्सॉन आहे, या गाड्या तुमच्या पाच जणांना पुण्याला न्यायला पुरतात. मागं तिघं जरा दाटीनं बसतील, पोरं मोठी होतायत, तेवढं आहे.

पत्रात वहिनींना एकच ओळ दिलीत, तीपण टोमण्याची. गाडी त्यापण चालवणार का? चालवत असतील तर टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग आधी त्यांच्या हातात द्या.

आणि आईंना शोरूमला न्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एसयूव्ही सोयीची असं आपण धरून चालतो कारण सीट उंच, पण अति उंच असली तर पाय उचलून आत टाकताना जास्त त्रास होतो. आईंना मागच्या दारानं बसू द्या, तुम्ही मदत करू नका, नुसतं बघा. पाठमोऱ्या होऊन आधी सीटवर टेकता येतंय का, टेकल्यावर पाय जमिनीला लागतायत का, मग पाय आत घेताना दाराच्या खालच्या पट्टीला नडतायत का, हात धरायला वरचं हँडल पोचतंय का, साडीचा घोळ मध्ये येतोय का. आणि उतरताना परत सगळं, कारण उतरणं जास्त अवघड. हे बघायला पाच मिनिटं लागतात. त्याच दिवशी कियाच्या शोरूमला जाऊन नवीन सेल्टोसमध्येपण बसवा. ती जुन्या सेल्टोसपेक्षा 95 मिलिमीटर लांब आहे, दोन चाकांमधलं अंतर 80 मिलिमीटरनं वाढलंय, मागच्या सीटला ते जाणवतं. पुढची क्रेटा कुठल्या अंगानं जाईल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येईल, आणि आईंना ती जास्तच आवडली तर नवीन जनरेशनची गाडी आत्ताच विकत मिळतेय, थांबायचं काय कामच राहिलं नाही. तुम्ही क्रेटा नावावरच का अडून बसलाय ते मात्र मला पत्रातून कळलं नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, तुमच्या परिस्थितीत मी थांबणार नाही. फार तर एक अट घाला. बुकिंगच्या दिवसापर्यंत कंपनीनं स्वतः तारीख जाहीर केली आणि ती पुढच्या दोन-तीन महिन्यांतली असली तर थांबा, नाहीतर नाही. ही अट वहिनींसमोर बोलून टाका म्हणजे नंतर पाचवं कारण निघणार नाही.

हेच पत्र दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्यानं पाठवलं असतं तर त्याला मी थांब म्हटलं असतं, त्याला रिसेल लागतो. ज्याची सध्याची गाडी सहा-सात वर्षांची ठणठणीत आहे त्यानंही खुशाल थांबावं, त्याचं काही अडलेलं नाही. आणि ज्यांचं बुकिंग झालंय आणि आता मन डळमळतंय त्यांनी पावतीच्या मागचं वाचा, रद्द केलं तर किती कापतात आणि किंमत बुकिंगच्या दिवशीची की डिलिव्हरीच्या दिवशीची. बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीच्या दिवशीचीच लागते.

घ्यायचं ठरलं तर थोडं. मॉडेल बदलणार अशी चर्चा असताना डीलरकडं जुना स्टॉक पडून असतो, तो नवीन म्हणून द्यायचा प्रयत्न होतो. आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष छापून येतं पण ते नंतर कळतं, आधी बघायचं तर चासी नंबर मागा. बहुतेक कंपन्यांच्या चासी नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं, 2025 ला एस, 2026 ला टी. आणि टायरच्या बाजूला खाली वाकून बघा, लंबगोलात चार आकडे असतात, 1426 म्हणजे 2026 सालचा चौदावा आठवडा. टायर गाडीच्या थोडे आधीचे असणार, पण सात-आठ महिन्यांचा फरक दिसला तर विचारा गाडी कुठं उभी होती. जुन्या स्टॉकची घ्यायला हरकत नाही बरं का, तुमच्यासारख्याला तर मुळीच नाही, फक्त त्याचे पैसे कमी करून घ्या. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन आणून समोर ठेवा, बऱ्याचदा लगेच खाली येतात. हँडलिंग चार्जेस बिलात दिसले तर कशाचे ते लेखी मागा.

भाव डिसेंबरला आणखी कमी होईल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो नाहीतर परत कुणीतरी स्टाफरूममध्ये सांगेल. होतो, कारण जानेवारीत ती मागच्या वर्षाची गाडी ठरते. बारा वर्षं वापरणाऱ्याला डिसेंबरचा सौदा खरं तर चांगलाच, पण वहिनींनी दसरा म्हटलंय आणि इतकी वर्षं थांबल्यात. तेवढ्या पैशांसाठी त्यांना अजून थांबायला सांगायचं का ते तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये जत्रा असते, हार, पेढे, फोटो, त्या गडबडीत गाडीवरचा ओरखडा कुणाला दिसत नाही. म्हणून गाडीची तपासणी दोन-तीन दिवस आधी यार्डातच उन्हात उभी करून घ्या, पासिंग आधीच उरकायला सांगा, दसऱ्याला फक्त पूजा आणि चावी. आणि बुकिंग गणपतीच्या आत करा, नंतर हवा तो रंग मिळत नाही, पांढरीच घ्या म्हणतात.